हॉर्नबी यांची विमाने आणि धातूतले इमान

साच्यात ओतलेल्या धातूच्या छोट्या विमानांचा संग्रह करणे हा आता जगभर रुजलेला छंद आहे. या छंदात नव्याने पडलेला माणूस साधारणपणे तीन गोष्टी विचारतो : विमान किती दुर्मीळ आहे, त्याची मूळ पेटी सोबत आहे का आणि उद्या त्याला किंमत किती येईल. मुरलेला संग्राहक मात्र जुने विमान हातात आले, की आधी ते उजेडात धरतो आणि पंखांच्या मुळाशी केसाएवढी चीर दिसते का, हे पाहतो. त्याचा पहिला प्रश्न धातूचा असतो. हा प्रश्न पहिला का, हे समजून घ्यायचे तर ज्यांच्या कारखान्यातून या छंदाची कितीतरी आद्य विमाने बाहेर पडली, त्या फ्रँक हॉर्नबी यांच्या आयुष्याकडे वळावे लागते.

उसने पाच पौंड

फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरात झाला. वडील जॉन हॉर्नबी खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. सोळाव्या वर्षी शाळा सोडून फ्रँक वडिलांच्या पेढीवर रोखपाल म्हणून बसू लागले. अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही. मात्र लहानपणी सॅम्युअल स्माइल्स यांचे ‘सेल्फ हेल्प’ हे पुस्तक त्यांच्या हाती आले आणि त्यातील संशोधकांच्या हकिगतींनी त्यांना झपाटले. आपणही काहीतरी शोधून काढावे, या ध्यासाने त्यांनी अखंड चालणारे यंत्र बनविण्याचाही खटाटोप करून पाहिला. त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही. पण हातांना अवजारांची सवय लागली.

१८८७ मध्ये क्लारा वॉकर गोडफ्रॉय या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. रोलंड आणि डग्लस ही दोन मुले आणि पॅट्रिशिया ही मुलगी, असा त्यांचा संसार होता. १८९९ मध्ये वडील वारले आणि पेढी बंद पडली. हॉर्नबी यांनी मांसाची आयात करणाऱ्या डेव्हिड ह्यू इलियट या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी धरली. वय छत्तीस, पगार बेताचा आणि घरी लहान मुले. विसाव्या शतकातील खेळण्यांच्या दुनियेचे रूप पालटणारा माणूस त्या दिवसांत दुसऱ्याच्या वह्यांतील जमाखर्च जुळवीत बसला होता.

संध्याकाळी घरी आल्यावर ते मुलांसाठी पत्रा कापून पूल, गाड्या आणि याऱ्या बनवीत. प्रत्येक खेळण्याचे भाग निराळे, त्यामुळे एक खेळणे मोडले, की त्याचा पत्रा दुसऱ्याच्या कामी येत नसे. एके दिवशी आगगाडीच्या प्रवासात त्यांच्या मनात विचार आला, की सगळे भाग एकाच मापाने केले आणि ते नट-बोल्टने जोडले, तर त्याच भागांतून हवे ते उभे करता येईल. त्यांनी अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांना दर अर्ध्या इंचावर एकसारखी भोके पाडली. या भोकांतच सारी किमया होती. त्यांतून बोल्ट घालून दोन पट्ट्या जोडता येत आणि त्याच भोकांतून दांडी ओवली, की तिच्यावर चाक फिरू लागे. सुरुवातीला लहान नट-बोल्टसुद्धा त्यांनी हाताने घडविले.

जानेवारी १९०१ मध्ये त्यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यासाठी लागणारे पाच पौंडही त्यांच्यापाशी नव्हते. ते त्यांनी मालकाकडून, म्हणजे इलियट यांच्याकडून, उसने घेतले. पुढे इलियट यांनी कचेरीशेजारची रिकामी जागा दिली आणि ते भागीदारही झाले. ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ या नावाने पहिले संच बाजारात आले. त्यांत सोळा प्रकारचे भाग आणि बारा नमुने कसे बनवावेत हे सांगणारे एक पत्रक असे. लिव्हरपूलमधील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी या खेळण्याची शिफारस केली आणि त्याला प्रतिष्ठा मिळाली. तरीही १९०३ मध्ये सुमारे दीड हजार संच विकूनसुद्धा नफा हाती लागला नाही. तो पहिल्यांदा दिसला १९०६ मध्ये.

पुढच्या वर्षी हॉर्नबी यांनी नोकरी सोडली, लिव्हरपूलच्या ड्यूक स्ट्रीटवर एक कार्यशाळा भाड्याने घेतली आणि भाग स्वतःच तयार करायला आरंभ केला. सप्टेंबर १९०७ मध्ये ‘मेकॅनो’ हे सुटसुटीत नाव नोंदविले गेले आणि १९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. १९१४ मध्ये बिन्स रोडवर तिचा मोठा कारखाना उभा राहिला. पुढची पासष्ट वर्षे जगभरच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना हा पत्ता पाठ होता.

सुटे होणारे जग

मेकॅनोचे सामर्थ्य त्याच्या मापाच्या शिस्तीत होते. पट्टी लहान असो वा मोठी, भोकांमधले अंतर अर्धा इंचच. त्यामुळे आजोबांच्या संचातील पट्टी नातवाच्या संचातील पट्टीला बिनतक्रार जोडता येई. एखादा भाग वाकला किंवा हरवला, तर त्याच क्रमांकाचा नवा भाग सुटा विकत मिळे. हिशेबाच्या वहीत जसा प्रत्येक आकडा दुसऱ्याशी जुळायला हवा, तसे हे खेळणे होते. त्यात चूक दुरुस्त करायला नेहमी जागा होती. पूल चुकीचा बांधला गेला, तर बोल्ट सैल करून पुन्हा बांधावा.

१९१६ मध्ये ‘मेकॅनो मॅगझिन’ सुरू झाले आणि १९१९ मध्ये मुलांच्या मंडळांची संघटना उभी राहिली. १९२० मध्ये हॉर्नबी यांच्याच नावाच्या चावीच्या आगगाड्या आल्या. या पहिल्या आगगाडीचे इंजिनही नट-बोल्टने जोडलेले असल्यामुळे सुटे करता येई. १९३१ मध्ये मेकॅनोने विमाने बांधण्याचा खास संच काढला. त्यात पंख, धड आणि शेपटीचे पत्र्याचे भाग असत. मुलाने आज दुपंखी विमान बांधावे, उद्या ते सोडवून एकपंखी करावे. हॉर्नबी यांच्या कारखान्यातून निघालेली ही पहिली विमाने त्यांच्या मूळ तत्त्वाला धरूनच होती.

त्याच वर्षी ते लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून हुजूर पक्षातर्फे ब्रिटिश संसदेवर निवडून आले. पाच पौंड उसने घेणारा हिशेबनीस आता गर्भश्रीमंतांच्या पंक्तीला बसला होता. १९३५ च्या निवडणुकीआधी त्यांनी राजकारणातून अंग काढून घेतले.

साच्यातली विमाने

आगगाडीच्या खेळण्याला स्टेशन हवे, स्टेशनावर हमाल आणि उतारू हवेत, बाहेर मोटारी हव्यात. या गरजेतून मेकॅनो कंपनीने ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ या नावाने छोट्या आकृत्या काढल्या. १९३३ च्या अखेरीस त्यांत मोटारींची भर पडली आणि १९३४ मध्ये या साऱ्या मालिकेला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी सहा विमानांचा संच आला. त्यात इम्पीरियल एअरवेजचे प्रवासी विमान, लेपर्ड मॉथ, पर्सिव्हल गल, एक एकपंखी विमान, मोनोस्पार आणि सिएर्व्हा ऑटोजायरो अशी मंडळी होती. सुरुवातीच्या काही विमानांचे पंख पत्र्याचे होते. पुढे पंख आणि धड मिळून अखंड ओतीव विमाने निघू लागली.

ही विमाने त्या काळाच्या बातम्यांतून उतरली होती. संचातील प्रवासी विमान ॲटलांटा जातीचे. खरी ॲटलांटा विमाने १९३३ पासून कराची, दिल्ली, कलकत्ता, रंगून या वाटेने सिंगापूरकडे जात. ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंडमधील मिल्डनहॉलपासून ऑस्ट्रेलियातील मेलबर्नपर्यंत विमानांची शर्यत झाली. अलाहाबादला उतरून पुढे जाणे स्पर्धकांना बंधनकारक होते. द हॅविलंड कंपनीच्या लाल कॉमेट विमानाने ती जिंकली आणि १९३५ मध्ये डिंकीचे कॉमेट दुकानांत आले. १९३६ च्या मे महिन्यात एमी जॉन्सन, म्हणजे विवाहानंतरच्या एमी मॉलिसन, यांनी पर्सिव्हल गलमधून लंडन ते केपटाऊन आणि परत असे विक्रमी उड्डाण केले. तेव्हा त्याच विमानाची नोंदणी-अक्षरे घातलेले गल डिंकीने खास पेटीतून काढले. ज्या मुलाने वर्तमानपत्रात विक्रमाची बातमी वाचली, त्याच्या खिशात थोड्याच दिवसांत ते विमान येऊ शकत होते.

मात्र या विमानांबरोबर हॉर्नबी यांच्या कारखान्यात एक निराळे तत्त्व शिरले. ओतीव विमानात नट नाही, बोल्ट नाही. जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम मिसळून तयार केलेला मिश्रधातू वितळवायचा आणि दाबाने पोलादी साच्यात भरायचा. क्षणात विमान तयार. त्याचे पंख, खिडक्या आणि पत्र्यांचे सांधे यांचा ठसा इतका रेखीव उमटतो, की हाताने तो साधणे अशक्य. पण जे साच्यातून निघाले ते कायमचे. त्याचा कोणताही भाग सोडवता येत नाही आणि वितळलेल्या धातूत जे मिसळले, ते पुन्हा वेगळे काढता येत नाही.

२१ सप्टेंबर १९३६ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, हृदयविकार आणि मधुमेहाने हॉर्नबी यांचे निधन झाले. लिव्हरपूलजवळच्या मॅगल या गावी सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. थोरले चिरंजीव रोलंड यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली. १९३७ मध्ये डिंकीने इम्पीरियल एअरवेजची प्रचंड ‘एम्पायर’ उडती नौका बाजारात आणली. चार इंजिनांची ही देखणी नौका कॅलेडोनिया, कॅनोपस, कॅम्ब्रिया अशी वेगवेगळी नावे लेवून आली. ती पाहायला हॉर्नबी राहिले नव्हते. आणि त्या सुंदर विमानांच्या पोटात काय दडले आहे, याची कल्पना तेव्हा ती विकत घेणाऱ्या कोणालाच नव्हती.

धातूला लागलेली कीड

जस्ताचा मिश्रधातू शुद्ध असेल तर टिकाऊ असतो. परंतु त्यात शिसे, कथील किंवा कॅडमियम अगदी नगण्य प्रमाणात शिरले, तरी धातूच्या कणाकणांच्या सीमांवर गंज चढू लागतो. आजच्या मानकांनुसार अशा ओतीव वस्तूंत शिशाचे प्रमाण लाखात पाच भागांहून अधिक चालत नाही. यावरून हा मामला किती नाजूक आहे, हे ध्यानात येईल. डिंकीच्या आरंभीच्या काही आकृत्या शिशाच्या मिश्रधातूच्या होत्या. ज्या कारखान्यात दोन्ही धातू हाताळले जातात, तेथे उरलेसुरले शिसे जस्ताच्या भट्टीत मिसळणे सहज शक्य असते.

हा दोष विकत घेताना दिसत नाही. रंग चकचकीत असतो, वजन बरोबर असते. वर्षे जातात, दमट आणि उष्ण हवा आतल्या क्रियेला वेग देते. धातू किंचित फुगतो. पंखांना बाक येतो. रंगाखाली बारीक चिरांचे जाळे उमटते. अखेर एखाद्या दिवशी कपाटातले विमान बोट लागताच तुकडे होऊन पडते. इंग्रजी मुलखातील संग्राहक याला जस्ताची कीड म्हणतात. खरे तर हा जीवाणूही नव्हे आणि संसर्गही नव्हे. शेजारच्या निरोगी विमानाला ती लागत नाही. मात्र एकदा सुरू झाली, की तिच्यावर उपाय नाही. डिंकीच्या युद्धपूर्व विमानांतील कितीतरी विमाने अशी नाहीशी झाली आणि उरलेल्यांतील कित्येक आजही हळूहळू फुटत आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अतिशुद्ध जस्ताचा वापर वाढला आणि हे संकट पुष्कळ कमी झाले.

येथे हॉर्नबी यांच्या आयुष्यातील एक मोठी विसंगती डोळ्यांत भरते. त्यांच्या पट्ट्या साध्या, ओबडधोबड. त्या गंजल्या तर घासता येतात, वाकल्या तर सरळ करता येतात आणि शंभर वर्षांपूर्वीच्या पट्ट्यांनी आजही पूल बांधता येतो. त्यांच्या कारखान्याची अधिक देखणी, अधिक हुबेहूब विमाने मात्र आतूनच कोसळत आहेत. पहिल्या खेळण्यात चूक सुधारायला जागा होती. दुसऱ्यात सारे काही वितळलेल्या धातूच्या त्या पहिल्या क्षणावर अवलंबून होते.

आधी काय पाहावे?

म्हणूनच जुनी ओतीव विमाने जमविणाऱ्याने सर्वांत आधी धातूचे आरोग्य पाहावे. पंख सरळ रेषेत आहेत का, एक बाजू खाली झुकली आहे का, रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आहेत का, फुगवटा आहे का, हे बारकाईने न्याहाळावे. पेटी फाटकी असली तर चालेल, रंगाचे दोन टवके उडाले असले तरी चालेल. खेळलेल्या मुलाच्या हातांच्या त्या खुणा असतात. चीर पडलेल्या धातूचे मात्र सुंदर पेटीही काही करू शकत नाही. पंख सरळ करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. तो तुटण्याचीच शक्यता अधिक. मुंबई किंवा कोकणासारख्या दमट हवेत ही विमाने बंद काचेच्या कपाटात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह, कोरड्या आणि फारशा न बदलणाऱ्या तापमानात ठेवावीत.

धातूच्या आरोग्याइतकाच त्याच्या ओळखीचा खरेपणा मोलाचा असतो. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये लढाऊ विमानांसाठी निधी गोळा केला जात होता. तेव्हा डिंकीने आपल्या छोट्या स्पिटफायरला कडी जोडून ते गळ्यात घालण्याचे पदक म्हणून विकले आणि त्यातून निधीला हातभार लावला. पेटीसह असे विमान आज फार मोलाचे मानले जाते. पण साध्या स्पिटफायरला मागाहून कडी बसविणे अवघड नाही. तसेच जुन्या विमानाला नवा रंग देणे, हरवलेल्या पंख्याच्या जागी नवा बसविणे किंवा संपूर्ण विमानच दुसऱ्या मिश्रधातूत नव्याने ओतणे, हेही होत असते. दुरुस्ती हा गुन्हा नाही. मात्र ती लपविणे म्हणजे लबाडी होय. जे विमान स्वतःविषयी खरे सांगते, तेच संग्रहात शोभते.

भारतातही या कथेचा एक धागा येतो. डिंकीचे काही जुने साचे पुढे कलकत्त्याला आले आणि त्यांवर ‘निकी टॉइज’ या नावाने खेळणी निघाली. साचा तोच, पण ओतकाम आणि रंगकाम निराळे. बुडावरच्या अक्षरांत डिंकीचे निकी झालेले दिसते. ब्रिटिश डिंकी म्हणून ते कोणी विकू पाहील, तर ती फसवणूक. निकी म्हणूनच ते जपले, तर भारतीय खेळण्यांच्या इतिहासातील तो एक अस्सल दस्तऐवज ठरतो. खरेपणा मूळ देशावर अवलंबून नसतो. तो नावाप्रमाणे असण्यावर अवलंबून असतो.

दुर्मीळतेचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. १९५० च्या दशकात डिंकीने व्हल्कन या बाँबफेकी विमानाची छोटी प्रतिकृती ॲल्युमिनियममध्ये ओतली. ती फारच थोड्या संख्येने निघाली आणि म्हणून आज संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात. परंतु दुर्मीळता ही बाजाराने दिलेली गोष्ट आहे आणि बाजाराची मर्जी बदलते. एखादे सामान्य, पण निकोप गल किंवा कॉमेट नव्वद वर्षांनंतरही जेव्हा पंख ताठ ठेवून उभे असते, तेव्हा ते त्या दिवशी भट्टीपाशी उभ्या असलेल्या अनाम कामगाराच्या काळजीची साक्ष देत असते. त्याने भट्टीत भलते काही पडू दिले नाही, एवढेच त्याचे कर्तृत्व. पण ते पुरले.

१९६४ मध्ये मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्स या प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेली. पुढे तिची मालकी पुन्हा बदलली आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद झाला. भट्ट्या विझल्या, साचे पांगले. हॉर्नबी यांचे नाव मात्र आगगाड्यांवर टिकून राहिले आणि मेकॅनो हा शब्द शब्दकोशात जाऊन बसला.

हॉर्नबी यांच्यापाशी पदवी नव्हती, भांडवल नव्हते. होती ती फक्त प्रत्येक भाग ठरल्या मापाचा असलाच पाहिजे, ही हिशेबनिसाची निष्ठा. मेकॅनोच्या प्रत्येक भोकात ती दिसते. ओतीव विमानांच्या बाबतीत तीच निष्ठा डोळ्यांना न दिसणाऱ्या धातूपर्यंत पोचायला हवी होती. जेथे ती पोचली, ती विमाने आजही आपल्यापाशी आहेत. संग्राहकाने दुसरे काही विसरले तरी चालेल. विमान हाती घेताना ते आधी उजेडात धरायला मात्र विसरू नये.